अश्वहृदय आणि अक्षहृदय

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या आपल्या महाराष्ट्रीय समाजात काही विषय अलिखित संमतीने वर्ज्य ठरलेले आहेत. बदलीची धास्ती, महागाई भत्त्याचा हप्ता, मुलांच्या शाळेतील तिसऱ्या भाषेचा घोळ, गणेशोत्सवातील नाटकाची तालीम यांवर तासन् तास बोलावे. परंतु घोड्यांच्या शर्यतीचा विषय निघाला की सभ्य गृहस्थाने घड्याळाकडे पाहून उठावे, अशी आपल्याकडची रीत आहे. बंगळुरात ही रीत पाळणे अवघड. विधानसौधापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, शहराच्या ऐन पोटात, सुमारे ८५ एकरांचे रेसकोर्स पसरलेले आहे. त्याच्या बाजूच्या रस्त्याला २०२३ साली अभिनेते अंबरीष यांचे नाव देण्यात आले, तरी लोकांच्या तोंडचे रेसकोर्स रोड हे नाव काही सुटलेले नाही. जी गोष्ट रोज ऑफिसला जाता-येता डोळ्यांपुढे उभी असते, तिच्याविषयी मौन पाळणे हा शिष्टाचार असेल. विचार खास नव्हे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या विषयावर मौन धरणारे आणि या विषयात आकंठ बुडालेले, असे दोन्ही पक्ष एकाच भ्रमात आहेत. घोडा आणि पैज या दोन वस्तू एकच, असे दोघेही धरून चालतात. एक पक्ष पैजेच्या भयाने घोड्याकडे पाठ फिरवितो. दुसरा घोड्याचे नाव सांगून पैज लपवितो. या दोन वस्तू वेगळ्या आहेत, आणि त्या कोठे वेगळ्या होतात ते पाहावयाचे असेल तर एखादा घोडा तिहेरी मुकुटासाठी धावत असतो तेव्हा पाहावे.

हा भेद मी आज नव्याने शोधून काढलेला नाही. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे; रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे तर दमयंतीचा हंस मराठी घरांत माहेरपणालाच येऊन राहिला. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथ्य करू लागला. नलाजवळ अश्वहृदय होते, म्हणजे घोड्याचे अंतरंग जाणण्याची विद्या. ऋतुपर्णाजवळ अक्षहृदय होते, म्हणजे फाशांचे मर्म. विदर्भाच्या वाटेवर त्या दोघांत या विद्यांची देवघेव ठरली. अश्वविद्येत ज्याची बरोबरी कोणी करू शकत नव्हता, तोच पुरुष फाशांपुढे सर्वस्व गमावून बसला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. घोडा कळला म्हणून फासा कळतो असे नाही, हे त्या कथाकाराला ठाऊक होते. आजच्या रेसकोर्सवर मात्र या दोन्ही विद्या एकाच खिडकीवर, एकाच तिकिटात बांधून विकल्या जातात.

तिहेरी मुकुट म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तीन मानाच्या शर्यती एकाच घोड्याने जिंकणे म्हणजे तिहेरी मुकुट. इंग्लंडात वेस्ट ऑस्ट्रेलियन या घोड्याने तो १८५३ साली प्रथम मिळविला आणि निजिन्स्कीने १९७० साली. त्यानंतर तेथे तो कोणालाही साधलेला नाही. आपल्याकडे त्याच धर्तीवर इंडियन गिनीज १६०० मीटरची, इंडियन डर्बी २४०० मीटरची आणि इंडियन सेंट लेजर २८०० मीटरची असते. पहिल्या दोन मुंबईस महालक्ष्मीवर डिसेंबर व फेब्रुवारीत होतात, तिसरी पुण्यास सप्टेंबरात. गिनीजला धावणारा घोडा तीन वर्षांचा असतो. डर्बीला तो चार वर्षांचा झालेला असतो. पहिल्या शर्यतीस वेग लागतो, तिसरीस दम लागतो, आणि मधलीस या दोहोंची अशी काही जुळणी लागते की निसर्ग ती एकाच छातीत क्वचितच घालतो.

ती किती क्वचित, याचे १९४७ सालचे उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. त्या वर्षी इंग्लंडात ट्यूडर मिन्स्ट्रेल या घोड्याने गिनीज आठ लांबींनी जिंकली. डर्बी त्याचीच असे सर्वांनी गृहीत धरले, आणि तो चौथा आला. दीड मैल त्याला पेलले नाहीत. डर्बी नेली फ्रान्सहून आलेल्या पर्ल डायव्हरने. या दोन्ही शर्यतींत तिसरा आलेला एक घोडा होता. सप्टेंबरात, आपल्या स्वातंत्र्याला जेमतेम महिना होत असताना, डॉन्कास्टरची सेंट लेजर त्याने जिंकली. त्या घोड्याचे नाव सयाजीराव, आणि त्याचे मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. तीन शर्यती आणि तीन विजेते! तेव्हा हे तिन्ही गुण एकाच्याच अंगी उतरतात ती घटना केवढी मोठी, हे कळावयास रेसचे शौकीन असावे लागत नाही. आपल्याकडे १९७६-७७ च्या हंगामात रशीद बायरामजी यांनी तयार केलेल्या स्क्वॉन्डररने तिन्ही शर्यती जिंकल्या. एकूण १९ शर्यतींपैकी १८ त्याने मारल्या. त्याच्या नावाचा अर्थ ‘उधळ्या’. हा उधळ्या कधी उधळला नाही. उधळले गेले ते त्याच्याविरुद्ध लावलेले पैसे.

आता बंगळूरच्या शौकिनांकडे वळू. पहिल्या दोन शर्यती जिंकलेला एखादा घोडा तिसरीच्या तयारीत असतो, अशा दिवसांत येथील कोणत्याही दर्शिनीत बाय-टू कॉफी घेत उभ्या असलेल्या मंडळींचे बोलणे ऐकावे. याची आई किती अंतरापर्यंत टिकत असे? याच्या बापाची इतर पिले लांब पल्ल्याला कशी धावली? फेब्रुवारीतला घोडा सप्टेंबरात तसाच राहील काय? पुण्याची पावसाने मऊ झालेली जमीन त्याला मानवेल काय? शेवटच्या वळणापर्यंत जॉकी त्याला आवरून धरील काय? हे प्रश्न विचारणारा मनुष्य कदाचित निवृत्त रेल्वे गार्ड असेल, कदाचित चिकपेठेतला कापडवाला असेल. परंतु तो जे बोलतो ते अश्वहृदय होय. त्याच घोळक्यात दुसरा एक इसम असतो. तो म्हणतो, “त्याच्यावर लावून दहाचे अकरा मिळणार! त्याला पाडणारा कोण, तेवढे बोला.” हे अक्षहृदय.

दुसऱ्याचा हिशेब मात्र बिनचूक आहे, आणि माझ्या युक्तिवादाचा कणा तोच आहे. टोटालिझेटरची रीत अशी की सर्वांनी लावलेला पैसा एका ठिकाणी जमा होतो, त्यातून क्लबाचे कमिशन व कर कापला जातो, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटली जाते. घोडा जितका थोर तितकी त्याची तिकिटे अधिक, आणि तिकिटे अधिक तितका प्रत्येकाचा वाटा थोडा. म्हणजे सर्वगुणसंपन्न घोडा हा पैज लावणाऱ्याला जवळजवळ निरुपयोगी! १९७३ साली अमेरिकेत सेक्रेटॅरिएटने तिहेरी मुकुटाची शेवटची शर्यत ३१ लांबींनी जिंकली, तेव्हा दोन डॉलरच्या तिकिटावर फक्त दोन डॉलर वीस सेंट मिळत होते. त्यांपैकी ५,६१७ तिकिटे कोणी वटविलीच नाहीत. लोकांनी ती आठवण म्हणून घरी ठेवली. जिंकलेले तिकीट न वटविणारा जुगारी मी तरी पाहिलेला नाही. त्या क्षणापुरते ते लोक जुगारी राहिलेच नव्हते.

याच्या उलट बाजू २०१२ साली दिसली. कॅमेलॉट या घोड्याने गिनीज आणि डर्बी जिंकून ४२ वर्षांनी इंग्लंडात तिसऱ्या मुकुटाला हात घातला. सेंट लेजरमध्ये एन्के नावाच्या घोड्याने त्याला पाऊण लांबीने मागे टाकले; एन्केचा भाव होता २५ ला १. ज्यांना घोडा प्रिय होता ते त्या दिवशी हळहळले. ज्यांना भाव प्रिय होता त्यांतील काहींच्या घरी दिवाळी झाली. घोड्याचे यश आणि पैजेचे यश यांची दिशा किती परस्परविरुद्ध असू शकते, याला आणखी पुरावा कशाला?

असे असता क्लबांची भाषा काय असते? १९९६ साली डॉ. लक्ष्मणन् यांच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वेकरून कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेव्हापासून ‘कौशल्य’ हा शब्द रेसवाल्यांना रामनामासारखा झाला आहे. निर्णयाविषयी मला पूर्ण आदर आहे. घोड्याच्या अंगी कौशल्य आहे, जॉकीच्या अंगी आहे, पहाटे अंधारात घोडा फिरविणाऱ्या मोतद्दाराच्याही अंगी आहे. अभ्यास करून पैज लावता येते हेही खरे. परंतु कौशल्याचा झेंडा दरवाजावर लावावयाचा आणि पोट मात्र आत जॅकपॉटच्या खिडकीवर भरावयाचे, हा व्यवहार सरळ नव्हे. लागोपाठच्या शर्यतींचे विजेते आकड्यांवरून ठोकून देणाऱ्या मनुष्याने कोणते कौशल्य दाखविले? आणि खजिन्यानेही या कौशल्याची बूज ठेवलेली दिसत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर बसला, तो कॅसिनो आणि लॉटरी यांच्या पंक्तीला बसवून. केंद्र सरकारचा सेवक या नात्याने आचरण नियमांतील नियम ९ चे स्मरण ठेवून मी यावर टीका करीत नाही. कारकुनाच्या नात्याने एवढेच म्हणतो की, नोंद कोणत्या सदराखाली झाली आहे ते क्लबांनी नीट वाचावे.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला पौराणिक: नलाने शेवटी द्यूत खेळूनच राज्य परत मिळविले ना? होय, परंतु एकाच डावात, आणि तो जिंकल्यावर त्याने पुष्कराला क्षमा करून फासे बाजूला ठेवले. दर आठवड्याला ‘मागचे भरून काढू’ म्हणून खिडकीपुढे रांगेत उभा राहणारा मनुष्य नलाचा नव्हे, नलाच्या अंगात शिरलेल्या कलीचा अनुयायी होय.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आणि म्हणून अधिक जड आहे. पैज बंद झाली तर घोडे पोसणार कोण? पूर्वी राजे पोसत होते. पहिली इंडियन डर्बी १९४३ साली झाली. ती जिंकणाऱ्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीचे मालकही बडोद्याचेच महाराज होते. सयाजीराव हा घोडा शिंगरू असताना त्यांनी २८,००० गिनींना घेतला. १९५१ साली त्यांची संस्थानिक म्हणून असलेली मान्यता भारत सरकारने काढून घेतली, आणि तो काळ संपला. राजाच्या थैलीची जागा आता हजारो सामान्य माणसांच्या खिशांनी घेतली आहे, एवढाच फरक. बक्षिसाच्या रकमा, तबेल्यांतील नोकऱ्या, पैदाशीचे मळे यांचा मोठा आधार हाच पैसा आहे हे मी नाकारीत नाही. माझे उत्तर असे की, शर्यतींची संख्या कमी झाली तरी चालेल. वर्षाकाठी शेकडो किरकोळ शर्यती घोड्यांसाठी धावविल्या जात नाहीत, त्या खिडकी उघडी राहावी म्हणून धावविल्या जातात. तिहेरी मुकुटाच्या शर्यती, प्रांतोप्रांतीच्या डर्बी, अशा मोजक्या शर्यती तिकिटाच्या, पुरस्कर्त्यांच्या आणि मालकांच्या पैशावर उभ्या राहतील तेवढ्या राहोत. बंगळूर टर्फ क्लबाच्या जागेचा भाडेपट्टा २००९ च्या अखेरीस संपला, आणि घोडे शहराबाहेर न्यावेत हा राज्य सरकारचा आग्रहही जुना आहे. त्या वादात भाडे, झाडे, उद्यान, वाहतूक सर्व बोलून झाले. आपण घोडा राखतो आहोत की खिडकी, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला.

हा प्रश्न आपल्या समाजाने का विचारावा, तेही सांगतो. माझ्या ओळखीच्या एका कारकुनाने मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम एका उन्हाळी हंगामात रेसवर घालविली. पाठोपाठ पतपेढीचे कर्ज झाले, आणि त्याला जामीन राहिलेल्या दोघा सहकाऱ्यांच्या पगारातून हप्ते कापले जाऊ लागले तेव्हा ते त्याच्या घरी कळले. त्याला एकाही घोड्याची वंशावळ ठाऊक नव्हती. आकडे मात्र तोंडपाठ होते. सरकारी सेवकाने सदैव ऋणको होऊ नये असे आचरण नियमांतील नियम १७ सांगतो. तो नियम सर्वांना ठाऊक होता, आणि तो मनुष्य दर शनिवारी कोठे जातो हेही मंडळातील बहुतेकांना ठाऊक होते. परंतु विषय वर्ज्य! घड्याळाकडे पाहणाऱ्या सभ्य गृहस्थांपैकी एकानेही त्याला बाजूला घेऊन विचारले नाही. आपले मौन सोवळे राहिले, आणि दोन जामीनदारांच्या मुलांच्या फिया थकल्या.

म्हणून आपल्या वाचकांना माझी विनंती आहे की, हा विषय बैठकीत घ्यावा. आपला सहकारी रेसला जात असेल तर तो कोणत्या घोड्यासाठी जातो, असे त्याला सरळ विचारावे. त्याने नाव, वंश, पल्ला सांगितला तर त्याच्याजवळ बसून ऐकावे. त्याने आकडा सांगितला तर त्याचा हात धरावा. आणि तिहेरी मुकुटाच्या वाटेवर असलेला घोडा एखाद्या सप्टेंबरात पुण्यास धावणार असेल, गावी जाण्यास रजा शिल्लक असेल, तर मुलांना घेऊन खुशाल जावे. प्रवेशाचे तिकीट काढावे, खिडकीकडे पाठ करावी, आणि कठड्याशी उभे राहून २८०० मीटर डोळे भरून पाहावे. घोडा जिंकला तर आपल्याला एक पैसाही मिळणार नाही, आणि तरीही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, तर आपण जे पाहिले ते अश्वहृदय होते असे समजावे.