मुखपृष्ठासह, पाने न कातरता

ज्या कोणी पन्नास वर्षांपूर्वी ‘स्पोर्ट्‌सवीक’च्या त्या अंकावर कात्री चालविली, त्याचे नाव-गाव मला ठाऊक नाही आणि एव्हाना ती व्यक्ती हयात असेल की नाही हेही सांगता येत नाही, तथापि गेला सबंध आठवडा माझा तिच्यावरील रोष तिळमात्र उणा झालेला नाही, हे या सदराच्या वाचकांपासून लपवून ठेवण्याचे कारण नाही. शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यामागील ज्या रद्दीच्या दुकानाचा उल्लेख येथे पूर्वी अनेकदा येऊन गेला आहे, तेथील चाचांनी माझ्यासाठी एक गठ्ठा बाजूला काढून ठेवला होता. सुतळी सोडली, वरचे काही अंक बाजूला सारले, आणि १९७५ सालच्या क्वालालंपूरच्या विश्वचषकाचा वृत्तान्त असलेला अंक हाती आला. मुखपृष्ठ नव्हते, पिना गंजून त्यांचा तांबूस डाग शेजारच्या पानांवर उतरला होता, कडा कसरीने खाल्ल्या होत्या. हे सारे मी क्षम्य मानतो, कारण ते काळाचे काम आहे. परंतु अंतिम सामन्याचे वर्णन असलेल्या पानाला मधोमध तळहाताएवढी चौकोनी खिडकी पाडलेली होती. पान उलटले तेव्हा उलगडा झाला. पाठीमागे क्रिकेटवरचा लेख होता, आणि त्यातील कोणा फलंदाजाचे छायाचित्र कोणीतरी पट्टी लावून, सरळ रेषेत, हौसेने कापून नेले होते. फलंदाज कोठल्याशा वहीत चिकटला, आणि त्याच्या पाठीशी छापलेला भारताचा दुसरा गोल खळीखाली कायमचा गाडला गेला.

तो गोल कोणता, हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पुरुषांच्या हॉकीचा विश्वचषक भारताने आजवर एकदाच जिंकला. १९७१ साली बार्सिलोनात तिसरे स्थान, १९७३ साली आम्स्टेलवेनच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून पेनल्टी स्ट्रोकवर हार, आणि १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला पाकिस्तानवर २-१ असा विजय. उपांत्य सामन्यात मलेशियाने हातातोंडाशी आलेला घास जवळजवळ हिरावला होता. पण सामना संपण्यास थोडाच अवधी उरला असताना बदली उतरलेल्या अस्लम शेरखानने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली आणि जादा वेळेत हरचरणसिंगने विजयी गोल केला. अंतिम सामन्यात पाकिस्तानने आघाडी घेतली, सुरजितसिंगने ती फेडली, आणि ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांनी दुसरा गोल केला. चेंडू गोलखांबाच्या कोपऱ्यावर आदळून परत आला, पंचांनी गोल दिला, पाकिस्तानच्या खेळाडूंनी हरकत घेतली. ती तक्रार पुढे कितीतरी वर्षे मिटली नाही.

आम्ही हा सामना पाहिला नाही, ऐकला. औरंगाबादेस तेव्हा दूरचित्रवाणी पोहोचलेली नव्हती; आकाशवाणीवरून जसदेवसिंगांचा आवाज येत होता आणि आमच्या गल्लीतील ज्या घरी रेडिओचा संच चांगला लागे, त्या घराच्या ओट्यावर थोरामोठ्यांच्या पायांत आम्ही पोरे दाटीवाटीने बसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून आमखास मैदानावर तो सामना आम्ही पुन्हा खेळू लागलो. स्टिक म्हणाल तर बाभळीची वाकडी फांदी, चेंडू म्हणाल तर चिंध्यांचा. पण प्रत्येकाने आपापले नाव वाटून घेतले होते. चेलीपुऱ्याचा एक मुलगा अस्लम शेरखान होता आणि तो कोपरा मारण्यापूर्वी गळ्यातील ताईत ओठांना लावी, कारण उपांत्य सामन्यात अस्लमने तसे केल्याची वार्ता सर्वत्र पसरलेली होती. कोणी मायकेल किंडो होता, कोणी गोविंदा. मी शिवाजी पवार होतो. त्या संघाच्या यादीत हे नाव आहे, आणि पंजाब, भोपाळ, कोडगू, छोटा नागपूर अशा दूरदूरच्या मुलखांतील नावांच्या रांगेत आपल्या शाळेच्या हजेरीपटावर सहज शोभेल असे नाव वाचताना त्या वयात जो अभिमान वाटला, तो आजही शिळा झालेला नाही. त्यांचा चेहरा कसा होता हे मात्र आम्हांपैकी कोणास ठाऊक नव्हते. माझ्या संग्रहाचा उगम कोणी विचारला तर तो या अज्ञानात आहे: ज्यांची नावे घेऊन आम्ही खेळलो, ते दिसत कसे होते हे मला पाहावयाचे होते.

आणि येथेच नियतीने एक मोठी अडचण करून ठेवली आहे, जी या छंदात पडलेल्या माणसालाच कळते. मद्रासचे ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’ हे ‘हिंदू’ समूहाचे साप्ताहिक १९४७ साली सुरू झाले. हॉकीचे त्या पत्राला इतके अगत्य की ध्यानचंदांचे ‘गोल’ हे आत्मचरित्र १९५२ साली त्यांनीच पुस्तकरूपाने काढले. लंडन, हेलसिंकी, मेलबर्न, रोम, टोकिओ या ऑलिंपिकांची भारतीय हॉकी पाहू इच्छिणाऱ्याला या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांसारखे दफ्तर दुसरे नाही. ते १९६८ साली बंद पडले. त्याच समूहाचे ‘स्पोर्टस्टार’ जन्मले ते जुलै १९७८ मध्ये. कलकत्त्याचे, पतौडींच्या संपादकत्वाखालील ‘स्पोर्ट्‌सवर्ल्ड’ही त्याच सुमाराचे. म्हणजे भारताने जिंकलेला एकमेव विश्वचषक नेमका या दोहोंमधल्या खिंडारात पडला आहे, आणि त्या खिंडारात मुंबईचे ‘स्पोर्ट्‌सवीक’ जवळजवळ एकटेच पहाऱ्यावर उभे आहे. १९८१-८२च्या मुंबईतील विश्वचषकाचे अंक मागाल तितके मिळतात. खडकीच्या धनराज पिल्लेचे, १९९८च्या बँकॉक आशियाई सुवर्णपदकानंतरचे अंक तर रद्दीत अजूनही ढिगाने येतात. पंच्याहत्तरचा अंक मात्र वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून शोधावा, तेव्हा एखादा समोर येतो. आणि आला तो असा, खिडकी पाडलेला.

‘स्पोर्ट अँड पास्टाइम’चा विषय निघाला म्हणून आठवले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बलीवर भारताने ग्रेट ब्रिटनला ४-० असे हरवून स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. त्या संघात मुंबईचे खेळाडू बरेच होते. गोलरक्षक लिओ पिंटो मुंबईचे, वॉल्टर डिसूझा मुंबईचे, मॅक्सी वाझ मुंबईचे. मुंबई इलाख्यातील मराठी माणसाने तो तिरंगा आपला म्हणून पाहिला असेल. शहागंजातील माणसाची कैफियत वेगळी होती. १२ ऑगस्टला हे शहर निजामाच्या अमलाखाली होते. येथे हाली सिक्का चालत होता, टपालाची तिकिटे दौलत-ए-आसफियाची होती, रझाकारांची दहशत होती, आणि तिरंगा उभारणे हा येथे गुन्हा होता. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. वेम्बलीवर ध्वज चढला त्यानंतर सव्वा महिन्याने तो येथे चढला. ज्या संघाला ‘आपला संघ’ म्हणण्याचा अधिकार मराठवाड्याला मागाहून मिळाला, त्या संघाचे अंक मी म्हणूनच इतर सर्व अंकांहून निराळ्या पेटीत ठेवतो.

परंतु कातरणाऱ्यापेक्षाही मोठा अपराध बांधणाऱ्याचा आहे. कातरणारा एक छायाचित्र नेतो. बांधणारा संपूर्ण वर्षाचा देह सोलून काढतो. आपल्याकडे नियतकालिकांचे खंड बांधण्याचा जो शिरस्ता पडून गेला आहे, त्यात बाइंडर प्रथम पिना काढतो, मग मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने निरुपयोगी समजून बाजूला टाकतो, उरलेल्या फर्म्यांना दोऱ्याने शिवतो आणि शेवटी तीन बाजूंनी यंत्राखाली घालून कडा साफ छाटतो. बाहेरून कापडी पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरांत साल. कपाटात तो खंड मोठा प्रतिष्ठित दिसतो. आत पाहावे तर ज्या मुखपृष्ठावर वर्षभरात एखाद्याच वेळी हॉकीपटूला स्थान मिळाले असेल, ते मुखपृष्ठच नाही. एका ग्रंथालयात असा एक खंड मला पाहावयास मिळाला. त्यात संघाचे समूहचित्र दोन पानांवर पसरलेले होते. शिवणीच्या खळग्यात एक खेळाडू अर्धा बुडालेला, आणि चित्राखालची ओळ छाटणीत गेलेली. चेहरे होते, नावे नव्हती. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत मी तेथवर गेलो होतो, त्या प्रश्नावरच बाइंडरचे पाते फिरले होते.

जाहिरातींविषयीही कोणी असे समजू नये की त्या गेल्याने काही बिघडत नाही. फाळणीनंतर सियालकोटचे क्रीडासाहित्याचे कारागीर जालंधरला येऊन कसे स्थिरावले, तुतीच्या लाकडाचे डोके आणि वेताची मूठ असलेली स्टिक काय भावाने विकली जात होती, कोणता खेळाडू कोणत्या कारखान्याची स्टिक वापरतो असे छापले जात होते, हे लेखांत सापडत नाही, जाहिरातींत सापडते. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि विश्वविजेता भारत सातव्या स्थानावर घसरला; त्यापूर्वीच्या गवतावरील हॉकीचा सारा सरंजाम, बूट, स्टिका, गुडघ्यांचे पट्टे, या फेकून दिलेल्या पानांतच तेवढा तपशीलवार नोंदलेला होता.

चाचांचा यात दोष नाही; ते वजनावर घेतात आणि वजनावर विकतात. “हाकी के वास्ते कौन बी नै आता साहब, तुमीच आते,” असे ते दरवेळी म्हणतात, आणि क्रिकेटचे अंक वेगळे काढून नगावर विकतात. त्यांनी त्या अंकाचे पैसे घेण्यास नकार दिला, कारण पान फाटके होते. मी आग्रहाने दिले. त्याच अंकात दुसऱ्या एका पानावर गोलासमोरच्या गर्दीचे छायाचित्र शाबूत आहे, आणि मी ते भिंगाखाली बराच वेळ धरून पाहिले. जवळ गेले की छायाचित्र राहत नाही, शाईचे ठिपके राहतात. गोलरक्षकाचे पॅड ठिपक्यांचे, खांब ठिपक्यांचा, आणि चेंडू म्हणजे जेमतेम पाच-सहा ठिपक्यांची जागा. त्यावरून पाकिस्तानच्या हरकतीचा निवाडा करता येणार नाही. एका खेळाडूचा चेहरा मात्र स्पष्ट आहे, आणि त्याच्याखाली नाव छापलेले नाही.

म्हणून माझी विनंती आहे. मार्च-एप्रिल १९७५चे ‘स्पोर्ट्‌सवीक’ किंवा त्या विश्वचषकाची छायाचित्रे असलेले अन्य कोणतेही साप्ताहिक, मराठी, हिंदी, उर्दू वा इंग्रजी, ज्यांच्या घरी माळ्यावर वा ट्रंकेत असेल, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी या वर्तमानपत्राच्या पत्त्यावर मला दोन ओळी लिहाव्यात. अंक पूर्ण असावा, मुखपृष्ठासह, पाने न कातरता. मी तो विकत मागणार नाही. जालना, परभणी, नांदेड, जेथे असेल तेथे स्वतः येईन, तुमच्या घरी बसून समूहचित्राखालची नावे उतरवून घेईन आणि अंक तुमच्या हाती परत देईन.