नदी पाहून काठी घ्यावी

आपल्या महाराष्ट्रातल्या नद्यांत ट्राउट मासा नाही. त्याला बारमाही थंड, खळाळते पाणी लागते. इथल्या उन्हाळ्यात तो टिकायचा नाही. हिमालयातही तो मूळचा नव्हे. इंग्रजांनी त्याची अंडी बाहेरून आणून १९००च्या सुमारास काश्मीरच्या आणि पुढे कुलूकडच्या नद्यांत तो रुजवला. आता कुलू-मनालीला जाणाऱ्या मराठी कुटुंबातलाही एखादा हौशी तीर्थन नदीकाठी गळ टाकायला थांबतो. निघण्यापूर्वी त्याला प्रश्न पडतो : फ्लाय रॉड, म्हणजे कृत्रिम माशी फेकण्याची काठी, कोणती घ्यावी?

दुकानात याचे उत्तर किमतीच्या भाषेत मिळते. बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही अर्जदाराची हौस नव्हे, गरज आणि ऐपत पाहत असू. काठीलाही तोच नियम लावावा, असे माझे मत आहे.

साध्या गळाला शिशाचे वजन असते. ते गळ दूर नेते. इथे आमिष म्हणजे आकड्यावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली माशी. तिला वजन जवळजवळ नाहीच. वजन असते ते दोरीत. दोरीच्या भाराने काठी वाकते, सरळ होताना दोरी पुढे झोकते आणि माशी तिच्या मागून निमूट जाते. म्हणून काठीवर दोरीचा क्रमांक छापलेला असतो. पाच क्रमांकाच्या दोरीच्या पुढच्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. काठी पाचची, तर दोरीही पाचचीच हवी.

तीर्थनसारख्या नदीला साडेआठ ते नऊ फुटांची, चार किंवा पाच क्रमांकाची काठी पुरते. झाडांनी झाकलेल्या अरुंद ओढ्यावर तीच काठी फांद्यांत अडकते. तिथे साडेसात फूट बरी. ताठ काठी लांब फेकते हे खरे, पण ट्राउट पुष्कळदा तीस-चाळीस फुटांच्या आतच, खडकाआडच्या संथ पाण्यात असतो. नवशिक्याने मध्यम लवचीक काठी घ्यावी. मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडली, की ती हाताला तसे कळवते. बांबूच्या सहा पट्ट्या जोडून केलेली काठी देखणी खरी, पण महाग. प्रवासाला कार्बनची, चार तुकड्यांची बरी.

मात्र नाजूकपणाच्या मोहात फार हलकी काठी घेऊ नये. तिच्यावर मासा बराच वेळ झुंजतो. त्यात आपल्याला गंमत वाटते. त्याचा मात्र जीव मेटाकुटीला येतो. पाणी तापलेले असेल, तर असा दमलेला मासा सोडून दिला तरी जगेलच असे नाही. ‘पकडून सोडला’ म्हणून आपण समाधानाने घरी यावे आणि तो खाली कुठेतरी उलटा वाहत जावा, हे पुण्य कसले? काठी निवडताना आपल्या हौसेबरोबर माशाचा दमही मोजायला हवा.

हिमाचलात मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. ते विणीचे दिवस.

तेव्हा काठी मध्यम किमतीची घ्यावी, उरलेले पैसे चांगल्या दोरीवर घालावेत. मग आकड्याऐवजी लोकरीचा तुकडा बांधून घराजवळच्या मैदानावर पंधरा संध्याकाळी सराव करावा. मुले हसतील, हसू द्यावे. दुकानात काठी मिळते, हात मिळत नाही.