आपल्या मजकुराची किल्ली कुणाकडे?

काही महिन्यांपूर्वी एका मुलीचा फोन आला. तिचे वडील आमच्या त्रैमासिकात सलग नऊ वर्षे सदर लिहीत. त्यांना जाऊन आता दोन वर्षे झाली. ती म्हणाली, "अंकल, अब्बांचे सगळे लेख एकत्र करून पुस्तक काढायचंय. तुमच्याकडे कॉम्प्युटरमध्ये असतीलच ना?" मी सहज "आहेत की" म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आले, ते नेमके कुठे आहेत हे मला माहीत नव्हते.

सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्यानंतर मराठीत लिहिणाऱ्या आमच्या पिढीला बळ मिळाले, आणि गावोगावी लहानमोठी नियतकालिके निघाली. आमचे त्रैमासिक त्यातलेच एक. १९९६ ते २००८, तेरा वर्षे, बावन्न अंक. छापील अंकांचे गठ्ठे सांगलीत ज्या घरी ठेवले होते, तिथे २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचे पाणी शिरले. राहिला तो चाचांचा संगणक. चाचा म्हणजे आमचे डीटीपी ऑपरेटर. दुकान बंद करताना त्यांनी तो माळ्यावर टाकून ठेवला होता. चाचांनी तो खाली काढला, बटण दाबले. पंखा फिरला, पडद्यावर काहीच आले नाही.

हे एकट्या आमचे दुखणे नाही, म्हणून हा लेख. आपल्या संस्था, मासिके, ग्रंथालये, मशिदींचे ट्रस्ट यांचा वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर अशाच बंद पडलेल्या यंत्रांत अडकला आहे. तो कागदावर असता तर आपण कपाट उघडून वाचला असता. इथे कपाट आपले आहे, किल्ली मात्र दुसऱ्याकडे.

अडचण नेमकी काय ते समजून घेऊ. आमचे अंक पेजमेकरमध्ये लागत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. पुढे ते सॉफ्टवेअर थांबले. त्यात मराठी टाइप व्हायची ती जुन्या फॉन्टमध्ये. या फॉन्टची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट असला तर 'धर्म' दिसतो, नसला तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोळा. म्हणजे संगणकाच्या लेखी आमची तेरा वर्षांची मराठी ही मराठी नव्हतीच. इनपेजच्या जुन्या फाइलींतल्या उर्दूचीही हीच कथा, तिथेही मजकूर त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या संकेतात असतो.

दोष दुसऱ्याला देणे सोपे आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. चाचांच्या यंत्रावरच्या विंडोज एक्सपीला युनिकोड मराठी येत होते. तरी आम्ही २००८ पर्यंत जुन्याच पद्धतीने टाइप करत राहिलो, कारण पेजमेकरला युनिकोड चालत नव्हते आणि सवय मोडायची नव्हती. चूक आमचीही आहे.

सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणाला, जुन्या बाजारातून तसलेच यंत्र आणा. पण तेही उद्या बंद पडणार. दुसरा म्हणाला, पुन्हा टाइप करून घ्या. पण कशावरून? छापील अंक हवेत ना! माझा भाचा म्हणाला, "मामू, फुकटचं विंडोज, फुकटचं पेजमेकर, सगळं नेटवर मिळतं. रात्रीत देतो."

यावर चाचांनी कपाटातून दोन खोकी काढून टेबलावर ठेवली. एक्सपी आणि पेजमेकर, दोन्ही २००३ साली विकत घेतलेली, बिलासकट. त्या काळी आमच्या गल्लीत सगळ्यांची सॉफ्टवेअर पेन ड्राइव्ह आणि कॉपी केलेल्या सीड्यांवर फिरत होती. चाचांनी सोसायटीचे कर्ज काढून खरी घेतली, आणि सगळे त्यांना हसले. मीही हसलो होतो. चाचा तेव्हा म्हणाले होते, "दुसऱ्याच्या मेहनतीवर माझी रोजी कशी चालवू?" त्याच खोक्यांमुळे आता आमच्या हातात एक सरळ रस्ता आला.

हा रस्ता म्हणजे लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन. एका संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करायचा. बाहेरचा यजमान, आतला पाहुणा. पाहुण्याला वाटते आपल्याला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आहे. प्रत्यक्षात ते सगळे यजमान त्याला वाटून देत असतो, आणि पाहुण्याची अख्खी डिस्क म्हणजे यजमानाकडची एक फाइल असते. जुने यंत्र मेले तरी त्यावरची व्यवस्था अशा फाइलीत जिवंत ठेवता येते.

माझ्या टेबलावर लिनक्स मिंट आहे. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि माझ्या यंत्रात ते नाही. दुकानदाराने भंगारात द्यायला सांगितलेल्या त्याच आठ जीबी मेमरीच्या संगणकावर हे सगळे काम झाले.

पहिले काम सॉफ्टवेअरचे नव्हे, डिस्कचे. चाचांच्या यंत्रातली हार्ड डिस्क काढली, यूएसबीच्या अडॅप्टरने लिनक्सला जोडली आणि डीडीरेस्क्यू या मुक्त साधनाने तिची हुबेहूब प्रत घेतली. हे साधन आधी चांगला भाग वाचते, खराब जागी नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि कुठे काय राहिले याची नोंद ठेवते. मरणाऱ्या डिस्कवर थेट काम करू नये. आधी प्रत, मग बाकीचे.

मग प्रश्न आला, कोणते सॉफ्टवेअर? बहुतेकांना व्हर्च्युअलबॉक्स माहीत असते. ते चांगले आहे, शिकायला सोपे आहे. पण लिनक्सवर त्याचे स्वतःचे कर्नल मॉड्यूल असते. कर्नल बदलले की ते पुन्हा बांधावे लागते, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर सहीही लागते. केव्हीएम मात्र २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. सोबतीला क्यूईएमयू आणि व्हर्च-मॅनेजर नावाची खिडकी घेतली की झाले. मिंटच्या भांडारातून ही सगळी पॅकेजेस विनाशुल्क मिळतात. आमच्यासारख्या लहान संस्थेसाठी मी केव्हीएमच सुचवीन, कारण त्यात बाहेरून आणून जोडलेले कमी असते.

पुढच्या पायऱ्यांत मी कुठे अडलो तेवढे सांगतो. संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होते. इंटेलच्या यंत्रात ते व्हीटी-एक्स, एएमडीच्या यंत्रात एसव्हीएम या नावाने सापडते. चालू झाले की नाही हे 'केव्हीएम-ओके' ही आज्ञा सांगते. नंतर स्वतःला 'लिब्व्हर्ट' या गटात घालून एकदा लॉगआउट होऊन परत यावे लागते. ते विसरल्याने माझी एक संध्याकाळ गेली. चाचांच्या सीडीची आयएसओ फाइल मी घरच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, तिथे परवानगीची अडचण आली. लिब्व्हर्टच्या ठरलेल्या इमेजेस फोल्डरमध्ये ठेवल्यावर ती मिटली. यादीत एक्सपी दिसेना, कारण मुदत संपलेल्या प्रणाली दाखवा असा वेगळा पर्याय तिथे निवडावा लागतो.

पाहुण्याला एक जीबी मेमरी आणि वीस जीबी डिस्क दिली. डिस्क क्यूकाउ-२ प्रकारची, म्हणजे वापरू तशी वाढणारी. तिचा जोड आयडीई ठेवला, कारण व्हर्टिओ हा वेगवान प्रकार एक्सपीला वेगळा ड्रायव्हर दिल्याशिवाय ओळखता येत नाही. यूईएफआय नको, जुना बायोसच हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, नेटवर्क कार्ड काढूनच टाकले. एक्सपीची सुरक्षेची जबाबदारी ८ एप्रिल २०१४ लाच संपली आहे, ते इंटरनेटवर सोडणे म्हणजे दार उघडे ठेवून झोपणे. फाइली आत-बाहेर करायला पेन ड्राइव्ह पुरला, व्हर्च-मॅनेजरमधून तो सरळ पाहुण्याच्या हाती देता येतो. ज्यांच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचे लॉक लागते, त्यांना ते लॉकही असेच देता येईल.

सगळे बसल्यावर एक स्नॅपशॉट घेतला. काही बिघडले की याच क्षणी परत यायची सोय.

आता पेच आला. एक्सपी बसवल्यापासून तीस दिवसांत सक्रिय करून घ्यावे लागते, नाहीतर ते आत शिरू देत नाही. नेटवर्क तर आम्ही काढले होते. भाचा हसला, "मामू, घड्याळ मागं करा, स्नॅपशॉटवर परत जा. तीस दिवस कधी संपणारच नाहीत." मी चाचांकडे पाहिले. ते म्हणाले, "आपल्याला इथं राहायचंय कुठं? सामान काढायला तीस दिवस पुष्कळ झाले."

मला या सगळ्या खटाटोपातून जे कळले ते या एका वाक्यात आहे. व्हर्च्युअल मशीन ही राहायची जागा नव्हे, सामान बाहेर काढायची जागा आहे. अनेक जण जुने विंडोज लिनक्सच्या पोटात बसवतात आणि पुन्हा त्याच फॉन्टमध्ये, त्याच फाइलींत नवे लिहू लागतात. मग घर बदलले तरी कुलूप तेच राहते. कुलूपच सोडायचे, तर मजकूर युनिकोडमध्ये, साध्या उघड्या फाइलींत आणला पाहिजे.

चाचा रोज असरच्या नमाजानंतर यायचे. एकेक अंक उघडायचा, पानाची पीडीएफ करायची, मजकूर वेगळा काढायचा, पेन ड्राइव्हवरून लिनक्सकडे आणायचा आणि परिवर्तकाने युनिकोड करायचा. हे यांत्रिक काम नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे लागतो. परिवर्तक बहुतेक ठिकाणी बरोबर करतो आणि जोडाक्षरांपाशी घसरतो. चाचांची नजर अधू झाली आहे, पण कुठला तुकडा कुठल्या कळीवर होता हे त्यांच्या बोटांना अजून पाठ आहे. चुकलेला शब्द मी वाचून दाखवायचो, ते डोळे मिटून टेबलावर बोटे हलवायचे आणि सांगायचे, "हा 'कर्तव्य' आहे."

सत्ताविसाव्या दिवशी काम संपले. बावन्नपैकी सत्तेचाळीस अंक मिळाले. पाच अंक डिस्कच्या खराब भागात गेले, ते परत येणार नाहीत. त्या मुलीच्या वडिलांचे छत्तीसपैकी तेहतीस लेख हाती आले. उरलेले तीन एका जुन्या वर्गणीदाराने जपलेल्या अंकांवरून टाइप केले. पाहुणा बंद केला, यजमानाच्या डिस्कवरून पुसून टाकला, आणि सीड्या चाचांच्या खोक्यात परत गेल्या.

कुणी म्हणेल, एवढे करण्यापेक्षा माणूस लावून काम करून घ्यावे. जरूर घ्यावे, पैसे असतील तर. पण त्या माणसाने कुठे काय केले हे संस्थेतल्या एकाला तरी कळले पाहिजे, नाहीतर किल्ली फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाते. कुणी म्हणेल, वाइन वापरून विंडोजशिवायच पेजमेकर चालवून पाहा, किंवा लिनक्सवरच अशा फाइली वाचणारे मुक्त सॉफ्टवेअर वापरा. आधी तेच करून पाहा. साध्या फाइलींना ते पुरेल, आणि तीस दिवसांचा प्रश्नच येणार नाही. ज्या यंत्रासोबत विंडोज आले, त्याच यंत्रापुरता त्याचा परवाना असतो, तो दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून परवान्याचा कागद वाचूनच पुढे जावे.

आणि कुणी म्हणेल, सगळेच चोरीचे वापरतात, तुम्ही एवढे सोवळे का? आपण आपल्या मुलांना संगणकवर्गात घालतो. तिथे पहिल्याच दिवशी त्यांना चोरीचे विंडोज दिसते, आणि त्यात काही गैर आहे असे त्यांना सांगणारे कुणी नसते. लिनक्स, केव्हीएम, लिब्रेऑफिस ही सारी साधने राजरोस मिळत असताना हे चालवून घ्यायचे कारण उरत नाही. गरिबी ही सबब मी समजू शकतो, पण जिथे फुकट आणि हलाल दोन्ही एकाच ताटात आहे तिथे ती सबब टिकत नाही.

माझी विनंती साधी आहे. या आठवड्यात आपल्या संस्थेचा जुना संगणक कुठे आहे ते शोधा. तो चालत असेल तर बंद पडायची वाट पाहू नका, आधी डिस्कची प्रत घ्या. आणि ज्यांनी त्यावर टाइप केले ते ऑपरेटर कुठे आहेत तेही शोधा. डिस्कची प्रत घेता येते, त्यांच्या बोटांची घेता येत नाही.

पुस्तकाची पहिली प्रुफे गेल्या आठवड्यात आली. मी ती चाचांकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावून पहिले पान वाचले आणि विचारले, "हे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतं?" मी म्हणालो, "कुठल्याही." मग त्यांनी लाल पेन मागितला आणि दुसऱ्याच ओळीतला एक रफार दुरुस्त केला.