बाईपणाचा दाखला



‘बाप्यासारखी धावते!’ शाळेत असताना हे वाक्य मी माझ्याबद्दल ऐकलं आणि मैदानावर जाणं सोडलं. तुमच्यापैकीही कितीजणींनी ते ऐकलं असेल. माझ्या वेळी ते बोलणारे शेजारपाजारचे लोक होते, त्यांच्या हातात कसला कागद नव्हता. झांबियाच्या बार्ब्रा बांडाच्या वाट्याला मात्र हेच वाक्य तपासणीचा अहवाल होऊन आलं. म्हणून या वेळचं संपादकीय तिच्याविषयी.

बार्ब्राचा जन्म २००० सालचा, लुसाकाचा. काही काळ तिने बॉक्सिंगही केलं, पण रमली ती फुटबॉलमध्ये. आघाडीची खेळाडू. गोल करणं हेच तिचं काम. स्पेनमध्ये आणि चीनमध्ये ती व्यावसायिक संघांकडून खेळली. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला झांबियाचा महिला संघ पहिल्यांदाच पोचला, तेव्हा कर्णधार तीच होती. नेदरलँड्सविरुद्ध तिने तीन गोल केले आणि पुढच्याच सामन्यात चीनविरुद्ध पुन्हा तीन. एकाच ऑलिंपिकमध्ये लागोपाठ दोन हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली स्त्री.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये, मोरोक्कोत आफ्रिकेतल्या राष्ट्रांची महिला स्पर्धा होती. तिच्या तोंडावर बातमी आली की बार्ब्राला खेळता येणार नाही. तिच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन आफ्रिकी फुटबॉल महासंघाच्या निकषात बसत नाही, असं सांगण्यात आलं. तिने कोणतंही औषध घेतलेलं नव्हतं, कसलीही लबाडी केलेली नव्हती. शरीर तेच होतं, जे वर्षभरापूर्वी ऑलिंपिकला चाललं होतं. त्यानंतर दोनच महिन्यांनी दक्षिण आफ्रिका खंडभागाच्या स्पर्धेत ती खेळली आणि झांबियाने ती स्पर्धा जिंकली. २०२३ च्या विश्वचषकातही तेच शरीर चाललं. तिथे कोस्टारिकाविरुद्ध तिने केलेला गोल महिला विश्वचषकाच्या इतिहासातला हजारावा ठरला.

मग मला सांगा, जुलै २०२२ मध्ये ती बाई नव्हती आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा बाई झाली, असं समजायचं का? बार्ब्रा बदलली नव्हती. बदलत होता तो दाखला देणारा.

टेस्टोस्टेरॉनला आपण ‘पुरुषी’ संप्रेरक म्हणतो, पण ते प्रत्येक बाईच्या शरीरात असतं, कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. आमच्या गटात यावर बोलताना एका मैत्रिणीने विचारलं, “पण मग इतर मुलींवर अन्याय नाही का होत?” प्रश्न प्रामाणिक आहे, तो झटकून टाकू नये. स्त्रियांच्या स्पर्धा वेगळ्या हव्यात, हे आपल्यालाही मान्य आहे. पण मैदानावरचा हिशेब बघा. नेदरलँड्सविरुद्ध तिच्या तीन गोलांनंतरही झांबिया १०-३ ने हरली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने पुन्हा तीन गोल केले, तरी संघ ६-५ ने हरला. आणि मोरोक्कोत तिच्याशिवाय खेळून हाच संघ तिसरा आला. उंच मुलीची उंची, लांब टांगांच्या मुलीची धाव, यांना आपण देणगी म्हणतो. मग याच एका देणगीला गुन्हा का म्हणायचं?

आणखी एक गोष्ट मला बोचते. त्याच २०२२ मध्ये झांबियाच्या महिला फुटबॉलमधल्या लैंगिक छळाचे आरोप उघड झाले आणि चौकशी सुरू झाली. आरोप संघाच्या प्रशिक्षकांवरही होते, त्यांनी ते नाकारले. चौकशी चालू असतानाच ते २०२३ च्या विश्वचषकाला संघ घेऊन गेले. ते दोषी की निर्दोष, हे ठरवणं माझं काम नाही. पण खेळाडूच्या रक्ताचा निकाल एका स्पर्धेआधी लागतो आणि खेळाडूंच्या तक्रारीचा लागत नाही, ही तफावत आपल्या ओळखीची नाही का?

हे लांबच्या देशातलं प्रकरण नाही. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्यपदक मिळवलेल्या तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनचं पदक अशाच चाचणीनंतर काढून घेतलं गेलं. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये तो नियम स्थगित करून घेतला. या मुली गरीब घरातल्या, गावाकडच्या. शरीराविषयीची सर्वांत खासगी गोष्ट त्यांच्याआधी जगाला कळली.

बार्ब्रा मात्र थांबली नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या संघाने तिला सुमारे ७ लाख ४० हजार डॉलर मोजून घेतलं आणि त्या वर्षीच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल तिचाच होता. बीबीसीचा वर्षातल्या सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा मान तिला मिळाला, तेव्हा ‘ही बाईच नाही’ अशी ओरड पुन्हा झाली. मार्च २०२५ मध्ये तर सामना चालू असताना प्रेक्षकांतून तिला शिवीगाळ झाली. आणि जुलै २०२५ मध्ये, त्याच मोरोक्कोत, आफ्रिकेच्या त्याच स्पर्धेत ती उतरली. यजमानांविरुद्ध पहिल्याच मिनिटात तिने गोल केला.

त्या गोलाने प्रश्न सुटलेला नाही. बाई कोण, हे ठरवण्याचा अधिकार अजून समित्यांच्या हाती आहे. तुमच्या गटात यावर जरूर बोला. धावणं सोडलेल्या मैत्रिणींना विचारा की त्यांना कोणी आणि काय म्हटलं होतं. त्या आठवणी आम्हाला लिहून पाठवा. आणि आपल्या वस्तीतल्या एखाद्या धावणाऱ्या पोरीला कोणी ‘बाप्या’ म्हणालं, तर आपण गप्प बसायचं नाही.