उंच कपाळ आणि आपली जीभ



लग्नाच्या तयारीचे वर्ग घेताना तरुण मुलं-मुली हल्ली एक प्रश्न हळू आवाजात विचारतात. "टीचर, कपाळ लहान करायचं ऑपरेशन करतात म्हणे. ते केलं तर पाप लागेल का?" विचारणाऱ्या मुलीचं कपाळ जन्मापासूनच उंच असतं. आजार काही नाही, केसही गळत नाहीत. केसांची रेषा थोडी मागे आहे, इतकंच. पण फोटो काढताना तिचा हात आपोआप कपाळाकडे जातो आणि बटा पुढे येतात. तिच्या प्रश्नावर हसू नये. "देवाने दिलंय ते मुकाट्याने घे" असं म्हणून तिला गप्पही करू नये.

आधी हे ऑपरेशन काय असतं ते समजून घेऊ. केसांच्या रेषेलगत छेद घेतात, कपाळाच्या त्वचेची एक पट्टी काढून टाकतात आणि डोक्याची त्वचा सैल करून, पुढे ओढून शिवतात. रेषा साधारण दोन-अडीच सेंटीमीटर खाली येते. व्रण कायमचा राहतो, केसांत झाकला जातो. डोक्याचा पुढचा भाग काही महिने बधिर राहू शकतो. पुढे वयाबरोबर केस मागे सरकले, तर तो व्रण उघडा पडतो, म्हणून घरात टक्कल असलेल्या मुलांना डॉक्टर सहसा हे सुचवत नाहीत. दुसरा मार्ग केशरोपणाचा. त्यात डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे लावतात आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्षभर लागतं. अशा शस्त्रक्रियांचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. पैसे घरातूनच जातात.

आता पापाचा प्रश्न. पोप पायस बारावे यांनी ऑक्टोबर 1958 मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, इटलीतल्या प्लास्टिक सर्जनांपुढे याच विषयावर भाषण केलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शरीराचं सौंदर्य ही चांगली गोष्ट आहे, पण सगळ्यात मोठी नाही. अशी शस्त्रक्रिया मुळातच वाईट नसते. हेतू कोणता आणि शरीराला अपाय होतो का, यावर ती योग्य की अयोग्य हे ठरतं. निव्वळ मिरवण्यासाठी किंवा फॅशनच्या लहरीपायी ती करू नये. ख्रिस्तसभेचा 1992 चा धर्मशिक्षण ग्रंथही परिच्छेद 2289 मध्ये हाच तोल राखतो. शरीराची काळजी घ्या, पण शरीराची पूजा बांधू नका.

पवित्र शास्त्राला सौंदर्याचं वावडं नाही. शमुवेल दाविदाला अभिषेक करायला गेला तेव्हा देवाने त्याला बजावलं, की माणूस बाहेरचं रूप बघतो आणि देव अंतःकरण बघतो. पण त्याच अध्यायात, काही ओळींनंतर, दावीद दिसायला देखणा होता हेही लिहिलं आहे (1 शमुवेल 16). लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात तर ज्याच्या कपाळावरचे केस गेले त्याच्याविषयी स्पष्ट निर्णय आहे. तो शुद्ध आहे. त्या काळी त्वचेच्या डागावरून माणसाला छावणीबाहेर काढत. तिथेही मोशेच्या नियमशास्त्राने मोकळ्या कपाळाला दोष दिला नाही.

सौंदर्याचं माप माणसंच ठरवतात आणि माणसंच बदलतात. पंधराव्या शतकात युरोपातल्या उमराव स्त्रिया कपाळ उंच दिसावं म्हणून पुढचे केस उपटून काढत. फ्रेंच चित्रकार झां फुके याने 1452 च्या सुमारास काढलेल्या चित्रात पवित्र मरियेचं कपाळ असंच उंच आणि केसरहित आहे. त्या काळी राणीला शोभेल असं रूप तेच होतं. आज आपली मुलगी जे झाकते, ते तेव्हाच्या बायका वेदना सोसून मिळवत होत्या.

म्हणून माझं मत असं, की हे ऑपरेशन पाप नाही, पण बहुतेकांना त्याची गरजही नाही. गरज आहे ती आपली जीभ आवरण्याची. "कपाळ आहे की मैदान?" हे वाक्य त्या मुलीने पहिल्यांदा कुठे ऐकलं? बहुधा घरीच, मावशी-आत्यांच्या घोळक्यात. नाहीतर मिस्सानंतर चर्चच्या आवारात. मग स्थळ बघायला आलेल्यांनी, "मुलगी चांगली आहे, पण..." असं म्हणून जागा सोडली. अलीशा संदेष्ट्याला पोरांनी टकल्या म्हणून चिडवलं, त्याचा शेवट किती भयंकर झाला हे 2 राजे, अध्याय 2 मध्ये आहे. मुलांना तो उतारा सांगताना आपण मोठ्यांनीही कान द्यावा. मुलीच्या सद्सद्विवेकाची परीक्षा घेण्याआधी आपण आपल्या बोलण्याची घेऊ या.

जिला खरंच ऑपरेशन करायचं आहे, तिने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे मला हवं आहे, की कुणाचं तोंड बंद करायला हवं आहे? या खर्चापायी आईचे दागिने किंवा धाकट्या भावाची फी अडकणार आहे का? आणि ऑपरेशन झाल्यावरही कुणी नाक, रंग, उंची यांवर बोट ठेवलं, तर मी पुन्हा टेबलावर जाणार का? उत्तरं प्रार्थनेत, घाई न करता शोधावीत. मग शिक्षित, अनुभवी प्लास्टिक सर्जनलाच भेटावं. स्वस्तातल्या पार्लरच्या जाहिरातीला भुलू नये. आणि तिने शांत मनाने होकार ठरवला, तर धर्मग्रामात कुणी कुजबुजू नये.

दृढीकरणाच्या दिवशी पवित्र तेलाचा क्रूस याच कपाळावर उमटला. दरवर्षी राखही इथेच लागते. धर्मगुरू कपाळाची उंची मोजत नाहीत.

प्रभू येशू, आमच्या डोक्यावरचा केस न् केस तू मोजला आहेस. आरशासमोर उदास बसलेल्या तुझ्या लेकरांना तुझी नजर दे, आणि आमच्या जिभेवर पहारा ठेव. आमेन.