मांजराचा रंग आणि माणसाची दृष्टी

काळे मांजर आडवे गेले म्हणून घटकाभर थबकणारा गृहस्थ आणि पर्शियन पिलासाठी हजारो रुपये मोजणारा हौशी, हे दोघे वरकरणी परस्परांहून फार भिन्न भासतात. एक जुन्या समजुतीचा, दुसरा नव्या वळणाचा. वस्तुतः दोघांची चूक एकच आहे. प्राण्याच्या केसांचा रंग पाहून त्याचे मोल ठरविणे, ही ती चूक होय. शहरांतील ही हौस आता तालुक्याच्या गावांकडेही वळू लागली असल्याने मंगरूळपीरसारख्या ठिकाणीही तिचा विचार व्हावयास हवा.

मांजराचे सारे रंग मुळात दोनच रंगद्रव्यांतून निपजतात. एक काळे, दुसरे तांबूस. पांढरेपणा म्हणजे रंगद्रव्याचा अभाव. केसांवर पट्टे उमटविणाऱ्या एका जनुकाचे काम थांबले की मांजर निव्वळ काळे होते. त्यात अशुभ असे काही नाही. तांबूस रंगाचे जनुक 'एक्स' या गुणसूत्रावर असते. बोक्याजवळ हे गुणसूत्र एकच, म्हणून तो एक तर काळा असतो, नाही तर तांबूस. मादीजवळ ती दोन असतात आणि गर्भावस्थेतच प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक निद्रिस्त होते. त्यामुळे तिच्या अंगावर दोन्ही रंगांचे ठिपके शेजारीशेजारी उमटू शकतात. गुणसूत्राच्या या निद्रेची कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ साली उंदरांच्या अभ्यासावरून मांडली. तांबूस रंगाचे नेमके जनुकीय कारण मात्र २०२५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि जपानमधील क्यूशू विद्यापीठांतील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. तात्पर्य, किराणा दुकानाच्या पोत्यांवर पहुडलेली आपली तिरंगी मांजरी हे जीवशास्त्राचे एक जिवंत प्रकरणच आहे.

दुर्मिळ म्हणून मिरविल्या जाणाऱ्या जातींचा इतिहास मात्र फार जुना नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्यानंतर रूपाच्या ठरीव मापांनी पैदास करण्याचा प्रघात पडला. त्याची किंमत मुक्या प्राण्याने मोजली आहे. चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजराला श्वास घेणे जड जाते, डोळे सतत पाझरतात. त्या जातीत मूत्रपिंडांवर गाठी येण्याचा आनुवंशिक रोगही आढळतो. दुमडलेल्या कानांच्या स्कॉटिश फोल्ड जातीत कान दुमडविणारे जनुकच सांध्यांतील कूर्चा बिघडविते. शुभ्र केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपणाचे प्रमाण मोठे असते. विदर्भात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दाट लांब केसांच्या प्राण्याची काय अवस्था होत असेल, हे सांगावयास नकोच.

हौस असू नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या हौसेची व्याधी दुसऱ्या जीवाला जडते, तिला प्राणिप्रेम म्हणता येणार नाही.

मग रंगांचे कुतूहल भागवावे कसे? त्याचा मार्ग बिनखर्चाचा आहे. ए. जी. सर्ल यांनी लंडनमधील मांजरांच्या रंगांची गणना करून तिचे निष्कर्ष १९४९ साली 'जर्नल ऑफ जेनेटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याचे संपादक जे. बी. एस. हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि महागड्या उपकरणांवाचूनही येथे उत्तम जीवशास्त्र होऊ शकते, हे आग्रहाने सांगत राहिले. आपल्या शिक्षकांनी हा धागा उचलावा. वर्गातील मुलांनी आपापल्या आळीतील बोके व मांजरी मोजाव्यात. तांबूस बोके दहांत तीन निघाले, तर संपूर्ण तांबूस मांजरी शंभरांत नऊच्या आसपास निघाव्यात, असे गणित सांगते. ते जुळते का, आणि न जुळल्यास का, याचा शोध घेताना मुले आनुवंशिकता पाठ न करता समजून घेतील. शिवाय जे मांजर आडवे गेले असता ती दगड उचलीत, त्याची ती नोंद करू लागतील.

दगडाऐवजी मुलाच्या हाती वही येणे, हा बदल लहान नव्हे. काळ्या मांजराला त्यातून अभय मिळेल आणि विकतच्या पिलामागे धावणाऱ्या हौसेलाही आपल्या उंबऱ्याशी बसलेला जीव दिसू लागेल.