गळ टाकून बसणे

"वीकेंडला काय करतोस?" या प्रश्नाला मी "मासे पकडतो" असं उत्तर दिलं की दोन प्रकारचे चेहरे दिसतात. पुण्यातल्या हापिसात, "वॉव, अँगलिंग! रॉड कुठला वापरतोस?" आणि पुसदला, जरा काळजीच्या सुरात, "नोकरी हाय ना अजून?" :)

दोन्ही चेहऱ्यांना माझ्याकडे उत्तर आहे, पण ते चहाच्या टपरीवर उभं राहून देण्याइतकं लहान नाही, म्हणून आजचा शनिवार त्यावर खर्च करतो.

ज्यांना पुसद माहीत नाही त्यांच्यासाठी: यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, चहूबाजूंनी टेकड्या. महाराष्ट्राचे दोन मुख्यमंत्री, वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक, याच तालुक्यातल्या गहुलीचे. गावातून पूस नदी वाहते, तिच्यावर वरच्या अंगाला धरण आहे, आणि दक्षिणेला पैनगंगेवर इसापूरचं मोठं धरण. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे आमच्याकडे मासा म्हणजे गोड्या पाण्यातला: रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस. (कोकणी मित्रांनो, "मातकट लागतो" हे वाक्य ऐकून ऐकून पाठ झालंय, पुन्हा नको.) हे चारही एकाच कुळातले, ज्याला इंग्रज लोक कार्प म्हणतात. इंग्लंडात कार्पच्या मागे वेडे झालेले हजारो लोक आहेत. तंबू ठोकून तळ्याकाठी दोन-दोन दिवस बसतात. आयझॅक वॉल्टननं १६५३ साली मासेमारीवर जे पुस्तक लिहिलं, त्यात तो कार्पला नद्यांची राणीच म्हणतो.

पण हा साहेबी छंद आहे असं समजू नका. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड ग्रंथ लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याला अगदी खेटून. त्यात राजानं मन रमवायला काय काय करावं याची यादी आहे, आणि त्या यादीत 'मत्स्यविनोद' म्हणजे गळानं मासे धरणं आहे. कुठला मासा काय खातो, दोरी कशी असावी, सगळं. शब्द बघा ना, विनोद! वॉल्टनच्या पाचशे वर्षं आधी आपल्याकडच्या राजानं याला करमणुकीचा दर्जा दिला होता. तेव्हा पुसदच्या मंडळींनी माझ्या नोकरीची काळजी करू नये.

आता यात रिलॅक्स होण्यासारखं काय आहे? बसून तर आपण हापिसातही असतो.

माझं सामान सांगतो. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा बारका तुकडा, गळ, आणि तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा वीतभर तुकडा. आमिष म्हणून भुईमुगाची ढेप आणि कणीक एकत्र मळलेला गोळा. गळ कुठल्या थरात सोडायचा यात थोडं डोकं लागतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी, गाळात. (म्हणूनच एका तळ्यात तिघाचौघांना एकत्र वाढवता येतं, एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. आमच्या ऑफिसातल्या टीम्सनी शिकण्यासारखं आहे.) कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो आमिष तोंडात ओढतो, चाखतो, नाही पटलं तर थुंकतो. त्यामुळे धांडा दोनदा थरथरतो आणि थांबतो, आणि तुम्ही श्वास धरून बघत राहता. शिवाय यांचे कान भलतेच तिखट. पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळीच असते. काठावर धपाधप पाय आपटत आलात की संपलं.

तर तुम्ही गप्प बसता आणि एका धांड्याच्या तुकड्याकडे बघता. बस, एवढंच.

कॉम्प्युटरच्या भाषेत याला पोलिंग म्हणतात. आलं का, आलं का, आलं का, असं सारखं विचारत राहणं. आपण सगळे शिकलो की पोलिंग वाईट, प्रोसेसर फुकट जातो, त्यापेक्षा इंटरप्ट वापरा, काही घडलं की सिस्टीमच सांगेल. मशीनसाठी हे शंभर टक्के बरोबर आहे. माणसासाठी मला वाटतं नेमकं उलट आहे. आपलं आख्खं आयुष्य इंटरप्टवर चाललंय. फोन थरथरला, चॅट टिणटिणलं, रात्री तीनला प्रॉडक्शनचा अलर्ट आला. ऑन-कॉलच्या आठवड्यात शांतता असते तेव्हाही आपण शांत नसतो, कारण कान अलर्टकडे. धांड्याकडे बघताना कान मोकळे असतात. रेचेल आणि स्टीफन कापलान या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं १९८९ च्या पुस्तकात मांडलं होतं की थकलेलं लक्ष पुन्हा ताजं व्हायला असं काहीतरी हवं जे आपल्याला हलकेच धरून ठेवतं, ओढून नेत नाही. पाणी, ढग, पानं. त्यांनी धांडा पाहिला नसावा, पण मुद्दा तोच.

आणि म्हणूनच मला त्या "रॉड कुठला" प्रश्नाची भीती वाटते. कार्पच्या छंदात एक इलेक्ट्रॉनिक अलार्म असतो, मासा लागला की दोरा सरकतो आणि डबी बोंबलते. म्हणजे दोन हजार रुपये टोल, पेट्रोल आणि झोप खर्चून धरणावर जायचं आणि तिथं काय ऐकायचं, तर अलर्ट! यात गंमत म्हणजे हा अलार्म लोकप्रिय करणाऱ्यांत रिचर्ड वॉकर नावाचा इंग्रज होता, पेशानं इंजिनिअर. त्यानंच १९५२ साली रेडमायर नावाच्या तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे जवळपास २० किलोचा कार्प धरला. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन ठेवला आणि तिथं पुढे कित्येक वर्षं जगला. इंजिनिअर लोकांना मोकळं सोडलं की असं होतं. असो.

इथवर सगळं मजेचं होतं. पण मला खरं बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल.

गेल्या हिवाळ्यात धरणाच्या काठावर एक भोई काका जाळं वाळत घालत होते. त्यांनी कुठंतरी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता, गोरे लोक मासा पकडतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि परत सोडतात. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, सोडाचाच हाय त मंग धरता कायले?"

मी काहीतरी पर्यावरणाचं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अन् थो मासा कोनाचा हाय, मालूम हाय का?"

हा प्रश्न आपण वीकेंडवाले विचारतच नाही. आपल्याला वाटतं धरण सरकारचं, पाणी देवाचं, मासा निसर्गाचा. पण रोहू, कटला, मृगळ मुळात इथले नव्हेतच, ते गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ सालापर्यंत त्यांचं बीज नद्यांमधून गोळा करूनच आणावं लागे. त्या वर्षी १० जुलैला डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं, तेव्हा कुठे हॅचरीचा रस्ता खुला झाला. (१० जुलै हा आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो.) सायप्रिनस तर परदेशी, १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणलेला.

म्हणजे धरणातला रोहू बहुतेक वेळा कुणीतरी विकत आणून सोडलेला असतो. महाराष्ट्रात जलाशयांतल्या मासेमारीचा हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानं दिला जातो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, बोटुकली आणून सोडते (जिऱ्याएवढं ते मत्स्यजिरे, बोटाएवढी ती बोटुकली, काय सुंदर शब्द आहेत), आणि मग पावसाची वाट बघते. पाऊस दगा देतो तेव्हा पाणी आटतं आणि गुंतवणूक गाळात जाते. शब्दशः. आपण ज्याला निसर्ग म्हणून त्याच्यासमोर शांत बसतो, ते कुणाचं तरी चालू खातं आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. न विचारता धरणावर गळ टाकणं आणि शेताच्या धुऱ्यावरून जाताना हरभरा उपटणं, यात फरक नाही. मूठभर हरभऱ्याला शेतकरी काही म्हणत नाही, हे खरं. पण पंधरा गाड्या भरून माणसं आली की म्हणतो. आधी संस्थेत जा, विचारा, भाव ठरवा. मुंबईत पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचं सभासद होऊन रीतसर गळ टाकतातच की लोक. मी धरलेला मासा जाळीवाल्यांच्या काट्यावर तोलतो आणि बाजारभावानं पैसे देतो. माझा एक मित्र म्हणाला, "स्वतः धरलेल्या माशाचे पैसे?" अरे, मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला किती देतोस?

आणि पकडून सोडण्याबद्दल. इंग्लंडमध्ये त्याला अर्थ आहे, तिथं तळ्याचा मालक त्याच माशावर पुन्हा तिकीट विकतो. उलट ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यात कार्प हा उपद्रवी मासा, तो पकडल्यावर जिवंत परत सोडणंच बेकायदा. एकच मासा, तीन देश, तीन न्याय. आपल्याकडे मासा अन्न आहे. त्याच्या ओठात गळ रुतवून, दमवून, फोटोसाठी हवेत धरून परत सोडण्यात दया कुठे आहे ते मला दिसत नाही. खायचा असेल तर धरा. लहान असेल तर मात्र लगेच सोडा, तो संस्थेचा पुढच्या वर्षीचा माल आहे. आणि पावसाळ्यात, त्यांच्या विणीच्या दिवसांत, घरी बसून भजी खा.

अजून एक. काही हौशी मंडळी तक्रार करतात की पहाटे जाळीवाले येतात, होड्या आपटतात, शांतता भंग होते. त्या माणसाची ती कामाची वेळ आहे हो! आपल्या ऑफिसात कुणी खुर्ची टाकून ध्यानाला बसला आणि कीबोर्डचा आवाज होतो म्हणाला तर? काकांची होडी गेली की पाणी डहुळतं, अर्धा तास काही लागत नाही. त्या अर्ध्या तासात डबा उघडावा.

जाता जाता, पहिल्यांदा रोहू घरी नेणाऱ्यांसाठी: पोटाकडच्या तुकड्यांत काटे मोठे आणि मोजके असतात, पाठीकडच्या आणि शेपटीच्या तुकड्यांत बारीक, फाटे फुटलेले. मुलांना आणि कोकणी पाहुण्यांना पोटाकडचे वाढा. मातकट वास वाटला तर हळद-मीठ-लिंबू लावून अर्धा तास ठेवा, मग धुऊन रश्श्यात सोडा. आमच्याकडे रश्श्यात खसखस आणि सुकं खोबरं भाजून वाटतात, आणि सोबत ज्वारीची भाकर. म्हणजे धांडा पाण्यावर आणि कणीस ताटात.